राजीनामा देताय? आधी रजा, नोटीस आणि बोनसचा हिशोब कागदावर मांडा

दिवाळी झाली की कुपवाड आणि मिरज एमआयडीसीत राजीनामे सुरू होतात, बोनस खात्यात पडला की दुसऱ्या दिवशी पोरं एचआरच्या दारात उभी. साताऱ्याकडं पण तेच, शिरवळची नाहीतर पुण्याची ऑफर कधीची हातात असते आणि बोनससाठी दिवाळीपर्यंत कळ काढलेली असते. मी बरीच वर्षं हजेरी आणि पगाराच्या कामातच आहे, त्यामुळं ह्या दिवसांत ओळखीपाळखीतले फोन ठरलेले, रजेचे पैसे मिळतात का, नोटीस भरायलाच लागते का, आता सोडलं तर बोनस बुडेल का. तेच सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. माणूस वर्षानुवर्षं राबतो आणि जाताना हक्काचे पैसे सोडून जातो, फक्त माहीत नव्हतं म्हणून, हे बघून खरंच वाईट वाटतं.

पहिलं काम म्हणजे राजीनाम्याचा शब्दही तोंडातून काढायच्या आधी अपॉइंटमेंट लेटर शोधा. कपाटात नसेल तर मेलमध्ये बघा, कन्फर्मेशन लेटर आणि शेवटच्या पगारवाढीचं लेटर पण काढा, कारण बऱ्याच वेळा नोटीस एक महिन्याची दोन किंवा तीन महिने कधी झाली ते त्या इन्क्रिमेंट लेटरच्या खालच्या ओळीत असतं आणि आपण फक्त पगाराचा आकडा बघून सही केलेली असते. मग शेवटच्या तीन-चार पगाराच्या स्लिपा, रजेचा बॅलन्स ज्या पोर्टलवर किंवा कार्डावर दिसतो त्याचा स्क्रीनशॉट, आणि कंपनीची लीव्ह पॉलिसी, बोनस पॉलिसी. हे सगळं स्वतःच्या मोबाईलमध्ये घ्या, कारण राजीनामा टाकल्यावर लॉगिन कधी बंद होईल ते सांगता येत नाही. फक्त स्वतःच्या नोकरीचे कागद घ्या हां, कंपनीचे ड्रॉइंग, कस्टमरच्या याद्या, रेट वगैरेला हात लावू नका, त्यावरून वेगळीच भानगड होते.

आणि नवीन ठिकाणचं ऑफर लेटर हातात आल्याशिवाय राजीनामा नको. "साहेबांनी शब्द दिलाय" एवढ्यावर नोकरी सोडू नका. लेटरवर पगार, जॉइनिंगची तारीख आणि सही असली पाहिजे, आणि जॉइनिंगची तारीख मागतानाच आपल्या नोटीसचे दिवस मोजून मागा.

आता नोटीस. नोटीस किती द्यायची हे सगळ्यांना लागू होईल असं कुठल्या एका कायद्यात लिहिलेलं नाही, ते तुमच्या अपॉइंटमेंट लेटरवर आणि मोठ्या कारखान्यात असाल तर तिथल्या स्टँडिंग ऑर्डरवर, म्हणजे कारखान्याच्या कामाच्या लेखी नियमांवर ठरतं. म्हणून मित्राच्या कंपनीत एक महिना आहे म्हणजे आपल्याकडं पण एकच असेल असं धरून चालू नका. नोटीसचे दिवस तुम्ही राजीनामा दिला त्या तारखेपासून मोजायचे, साहेबांनी "ॲक्सेप्टेड" लिहिलं त्या तारखेपासून नाही, आणि लेटरमध्ये वेगळं काही नसेल तर रविवार, सुट्ट्या धरून कॅलेंडरचे दिवस मोजतात. हे भांडण फार ठिकाणी होतं, साहेब दहा दिवस मेल उघडतच नाहीत आणि मग म्हणतात आजपासून नोटीस सुरू. त्यासाठीच राजीनामा लेखी पाहिजे. मेल करा, स्वतःच्या खासगी मेलला सीसी ठेवा, आणि ज्या छोट्या वर्कशॉपमध्ये मेलबिल चालत नाही तिथं दोन प्रती काढून एकीवर तारखेसकट पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ केली तर सरळ पोस्टात जाऊन स्पीड पोस्टनं पाठवा, रजिस्टर पोस्ट आता त्यातच विलीन झालंय, आणि पावती जपून ठेवा.

मजकूर लांबलचक नको. एवढं पुरतं: "मी आज दिनांक अमुक रोजी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. नेमणूक पत्रातील नोटीस कालावधीनुसार माझा कामाचा शेवटचा दिवस अमुक तारीख असेल. माझ्या खाती शिल्लक असलेल्या रजा, बोनस व इतर देय रकमेचा हिशोब शेवटच्या दिवसापर्यंत लेखी मिळावा ही विनंती." कारण लिहायचंच असेल तर वैयक्तिक कारण म्हणा, रागाने लिहिलेल्या चार ओळी पुढं कोणत्याच कामाच्या नसतात. शेवटच्या दिवसाची तारीख मात्र स्वतः लिहा, ती समोरच्यावर सोडू नका.

राजीनामा देऊन विचार बदलला तर? तो मंजूर होऊन लागू व्हायच्या आधी मागे घेता येतो, कोर्टांनी हे तत्त्व मानलेलं आहे, २०२४ मध्ये कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं त्याच्या बाजूने निकाल दिला. मागे घ्यायचा तरी लेखीच.

नोटीस पूर्ण न करता गेलं तर काय होतं, हा पुढचा प्रश्न. कंपनी तुम्हाला जबरदस्तीने कामावर बसवू शकत नाही, १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टप्रमाणं नोकरीचा करार कोर्टातून सक्तीने पाळायला लावता येत नाही. पण राहिलेल्या दिवसांचे पैसे कंपनी मागू शकते, फुल अँड फायनलमधून, म्हणजे सोडतानाच्या शेवटच्या हिशोबातून वळते करते, आणि रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, अडवून धरते ते वेगळंच. न सांगता घरी बसलात तर रेकॉर्डला "ॲब्स्कॉन्डिंग" लागतं आणि पुढच्या कंपनीच्या चौकशीत ते निघतं. त्यामुळं कितीही वैताग आलेला असू दे, पळून जाऊ नका. लवकर सुटायचं असेल तर बायआउट मागा, म्हणजे उरलेल्या दिवसांचे पैसे भरून मोकळं व्हायचं, हे तुमच्या लेटरमध्ये आहे का ते बघा, आणि नवीन कंपनी ते पैसे देणार असेल तर तेही ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. काहीजण ह्या नोटीसच्या रकमेवर वर १८ टक्के जीएसटी लावायचे, ते लागत नाही असं सरकारने ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे, तेव्हा हिशोबात ती ओळ दिसली तर विचारा.

बाँड, म्हणजे अमुक वर्षांच्या आत सोडलं तर पैसे भरीन असा कागद, भरून दिलेला असेल तर मात्र तो हलक्यात घेऊ नका. बाँडला काही अर्थ नसतो असं पोरं छातीठोकपणे सांगतात, पण मे २०२५ मध्ये एका सरकारी बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांच्या आत सोडल्यास २ लाख रुपये भरायची अट सुप्रीम कोर्टानं वैध धरली. प्रत्येक बाँड टिकेलच असं नाही, रक्कम किती, कंपनीनं ट्रेनिंगवर खरंच खर्च केलाय का, हे बघितलं जातं, पण आपण सही काय केलीय ते वाचूनच पाऊल टाका.

रजेकडं येतो. सगळ्या रजांचे पैसे मिळत नाहीत. कॅज्युअल लीव्ह वर्षाअखेर संपतात, सिक लीव्हचे पैसे बहुतेक ठिकाणी देत नाहीत, पैसे होतात ते अर्न्ड लीव्हचे, ज्याला कुणी ईएल म्हणतं कुणी पीएल. कारखान्यात दर २० दिवसांच्या कामाला १ दिवस असा दर आहे, त्यासाठी वर्षात आधी २४० दिवस भरायला लागायचे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांमध्ये, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या नव्या कायद्यांत, ते १८० केलेत, आणि मधेच नोकरी सोडली तर ती अट आड येत नाही, जेवढे दिवस काम केलं त्या दरानं जमलेल्या रजेचे पैसे द्यायलाच लागतात. कारखान्यात ३० दिवसांपर्यंत रजा पुढच्या वर्षात नेता येते, दुकानं, ऑफिसं, शोरूमवाल्यांना महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. म्हणजे मागच्या वर्षीची रजा "लॅप्स झाली" असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका, पॉलिसी दाखवा म्हणा.

आता एक गोष्ट जी फार कमी लोक बघतात. बऱ्याच कंपन्यांत रजेचे पैसे मोजताना बेसिकवर, म्हणजे भत्ते सोडून मूळ पगारावर मोजतात आणि नोटीसचे पैसे कापताना भत्त्यांसकट पूर्ण ग्रॉसवर कापतात. समजा ग्रॉस ३० हजार आहे, बेसिक १५ हजार, २० दिवस ईएल शिल्लक आहेत आणि नोटीसमधले २० दिवस कमी पडतायत. रजेचे पैसे घेतले तर बेसिकला २६ नं भागून २० दिवसांचे साधारण ११,५०० मिळतात, ३० नं भागलं तर १० हजारच. आणि नोटीसचे कापतात २० हजार. म्हणजे रजा विकून नोटीस भरली की खिशातले साडेआठ ते दहा हजार गेले. त्यापेक्षा त्या २० रजा नोटीसमध्येच ॲडजस्ट करून मागा, दोन्ही बाजू फिटतात. हे कंपनीच्या मर्जीवर असतं, हक्क म्हणून मागता येत नाही, पण राजीनाम्याच्या दिवशीच मेलवर विचारलं तर पुष्कळ ठिकाणी हो म्हणतात, शेवटच्या आठवड्यात विचारलं की नाही म्हणतात. तुम्ही कारखान्यात वर्कर असाल तर रजेचा पगार नुसत्या बेसिकवर का काढला हेही विचारा, फॅक्टरी ॲक्टमध्ये तो महागाई भत्त्यासकट पूर्ण रोजाच्या सरासरीवर होता, फक्त ओव्हरटाइम आणि बोनस सोडून. आणि नव्या संहितांमध्ये वेतनाची व्याख्याच बदललीय, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा, त्यामुळं बेसिक अगदी बारीक ठेवून बाकी सगळं भत्त्यात टाकायची सवय आता कंपन्यांना सोडावी लागणार.

नोटीसच्या काळात रजा घ्यायची असेल तर मंजुरी लेखी घ्या. कितीतरी कंपन्यांत नोटीसमध्ये रजा घेतली की तेवढे दिवस शेवटची तारीख पुढं ढकलतात, आणि मग नवीन जॉइनिंग हुकतं. घरात लग्न आहे, गावची जत्रा आहे, तर राजीनाम्याची तारीखच त्या हिशोबानं धरा.

बोनसवर जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहेत. दोन वेगवेगळे बोनस असतात आणि आपण दोघांना एकच नाव देतो. एक कायद्याचा बोनस, जो आपल्याला दिवाळीत मिळतो, आणि दुसरा कंपनीनं स्वतःच्या मर्जीनं ठेवलेला, म्हणजे परफॉर्मन्स बोनस, व्हेरिएबल पे, जॉइनिंग बोनस, रिटेन्शन बोनस.

कायद्याच्या बोनसचं असं आहे की त्या आर्थिक वर्षात किमान ३० दिवस काम केलं की तुम्ही पात्र होता, कमीत कमी ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के. २० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तो लागू आहे. १९६५ च्या कायद्यात महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना तो मिळायचा, आणि हिशोब ७ हजार किंवा किमान वेतन यातल्या जास्त रकमेवर व्हायचा, आता नव्या वेतन संहितेत ही मर्यादा सरकारने ठरवायची आहे. राजीनामा दिला म्हणून हा बोनस जात नाही. तो जातो फक्त फसवणूक, चोरी, अफरातफर, घातपात, कंपनीच्या आवारात दंगा-मारामारी, आणि आता लैंगिक छळाचा गुन्हा सिद्ध होणं, ह्यासाठी कामावरून काढलं तर. राजीनामा त्या यादीत कुठंच नाही.

आता नीट बघा. ह्या दिवाळीत जो बोनस मिळतो तो मागच्या एप्रिल ते मार्चच्या वर्षाचा असतो, वर्ष संपल्यापासून ८ महिन्यांच्या आत म्हणजे ३० नोव्हेंबरच्या आत तो द्यायचा असतो, म्हणून तो दिवाळीत येतो. म्हणजे जो माणूस जूनमध्ये सोडून गेला त्याचा मागच्या पूर्ण वर्षाचा बोनस तसाच बाकी आहे, दिवाळीला तो तिथं कामावर असायची गरजच नाही. आणि जो दिवाळीचा बोनस घेऊन नोव्हेंबरमध्ये सोडतो त्याचा एप्रिल ते नोव्हेंबरचा बोनस अजून बाकी आहे, तो पुढच्या वर्षी मिळायचा. हा दुसरा बोनस तर लोक विसरूनच जातात. समजा हिशोबाची रक्कम महिना १२ हजार आहे, आठ महिने काम केलं, तर ९६ हजारांवर ८.३३ टक्के म्हणजे जवळपास ८ हजार, आणि कंपनी २० टक्के देत असेल तर १९,२०० रुपये. एवढी रक्कम नुसती विसरून जायची?

आमच्या गल्लीतला एक व्हीएमसी मशीनवर काम करणारा पोरगा, वर्कशॉपमधून फेब्रुवारीत बाहेर पडला आणि पुण्याला गेला. दिवाळीला फोन केला तर सुपरवायझर म्हणाला, तू हजर नाहीस, तुला कसला बोनस. पोरगा गप्प बसला होता. त्याला म्हटलं भांडू नको, फक्त एक मेल टाक, कामाचे महिने, शेवटची तारीख, बँक खातं, आणि मागच्या वर्षीचा बोनस बाकी आहे एवढंच लिही. अकाउंट्समधून आधी उत्तर आलं नाही, दुसऱ्या मेलनंतर आलं, आणि पैसे जमा झाले. म्हणून सोडताना बोनसची ओळ राजीनाम्यात असावी, बँक खातं बंद करू नये, मोबाईल नंबर बदलला तर कळवावा.

कंपनीच्या मर्जीच्या बोनसचं मात्र सगळं पॉलिसीवर चालतं. त्यात बऱ्याचदा लिहिलेलं असतं की पैसे देण्याच्या तारखेला माणूस कामावर पाहिजे, आणि काही ठिकाणी तर त्या तारखेला नोटीसवर पण असता कामा नये. ही ओळ शोधा. बोनस एप्रिलच्या पगारात येणार असेल आणि तुम्ही १५ मार्चला राजीनामा टाकलात तर वर्षभराची मेहनत गेली, आणि मग काही करता येत नाही. साताऱ्यात घरी बसून पुण्याच्या आयटी कंपनीचं काम करणाऱ्या पोरापोरींना हे खास सांगणं आहे, कारण तिथं नोटीस बहुतेक ९० दिवसांची आणि व्हेरिएबल मोठं. पैसे खात्यात पडू देत, मग राजीनामा. जॉइनिंग बोनस घेतला असेल तर एक वर्षाच्या आत सोडल्यास परत करायची अट असते, ती रक्कम टॅक्स कापून मिळालेली असते आणि परत मागताना पूर्ण मागतात, तेव्हा तेवढे दिवस शक्य असेल तर काढा.

ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे बरीच वर्षं काम केल्याबद्दल सोडताना मिळणाऱ्या रकमेसाठी, तारीख बघणं फार महत्त्वाचं. सलग पाच वर्षं झाली की मिळते, फिक्स्ड टर्मवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर असणाऱ्यांना नव्या संहितेत एका वर्षावर. हिशोब सोपा आहे, शेवटचं बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, आणि शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर झाले तर ते पूर्ण वर्ष धरतात. बेसिक डीए मिळून २० हजार असेल आणि सात वर्षं आठ महिने झालेत तर आठ वर्षांचे ९२,३०७ रुपये, सात वर्षं पाच महिन्यांना सोडलं तर सातचेच ८०,७६९. तीन महिने थांबल्यानं साडेअकरा हजारांचा फरक. आणि चार वर्षं दहा महिने झाले असताना सोडणाऱ्याला तर मी हात जोडून सांगतो, थांब. साखर कारखान्यात हंगामी असाल तर दर हंगामाला ७ दिवसांचा पगार असा वेगळा हिशोब आहे. नोटीस भरली नाही म्हणून ग्रॅच्युइटीतून कापायला कायद्यात मुभा नाही, हे लक्षात ठेवा.

पीएफ काढू नका, नवीन कंपनीत ट्रान्सफर करा. पाच वर्षं पुरी व्हायच्या आत काढला तर टॅक्स लागतो आणि पेन्शनसाठी लागणारी १० वर्षंही तुटत जातात. जुन्या कंपनीनं एक्झिटची, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख भरली का ते यूएएनच्या (पीएफ नंबरच्या) पोर्टलवर बघा, नसेल भरली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आधार ओटीपीनं स्वतः भरता येते. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो, आईवडील त्यात असतील तर मधल्या दिवसांची सोय आधी करून ठेवा.

टॅक्सचं पण थोडं. राजीनाम्यानंतर मिळालेले रजेचे पैसे खासगी नोकरीत आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंत माफ होऊ शकतात, पण नोकरीत असताना विकलेल्या रजेवर पूर्ण टॅक्स. आणि वर्षाच्या मधे नोकरी बदलली तर जुना पगार नवीन कंपनीला सांगा, नाहीतर दोघंही स्टँडर्ड डिडक्शन आणि खालचे स्लॅब धरून कमी टॅक्स कापतात आणि रिटर्न भरताना एकदम मोठी रक्कम निघते.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप, ओळखपत्र, टूल, गेजेस जे काही असेल ते जमा करून त्याची सही घ्या. "सर्व रक्कम मिळाली" असं लिहिलेल्या कागदावर पैसे खात्यात पडायच्या आधी सही करू नका, आणि कोऱ्या व्हाउचरवर तर कधीच नाही. फुल अँड फायनलचा तक्ता मागून प्रत्येक ओळ बघा, पगाराचे दिवस, रजेचे दिवस आणि कोणत्या दरानं, कापलेली नोटीस, बोनसची ओळ आहे की नाही. कंपन्या ४५ दिवस सांगतात, पण वेतन संहितेत राजीनामा दिलेल्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे आणि ते मॅनेजरपासून हेल्परपर्यंत सगळ्यांना लागू आहे. ग्रॅच्युइटीला ३० दिवस.

ठेकेदाराकडं असाल तर राजीनामा ठेकेदाराला द्यायचा, पण त्याची एक प्रत ज्या कंपनीत काम करता तिथल्या एचआरला पण द्या, कारण ठेकेदारानं पगार बुडवला तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते.

पैसे अडवले तर आधी दोन मेल, मग लेखी नोटीस, आणि तरी नाही झालं तर सांगली असो की सातारा, जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करा. थकीत वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो आणि मूळ रकमेशिवाय दहा पटीपर्यंत भरपाई लावायचा अधिकार तिथल्या प्राधिकाऱ्याला आहे. अर्जासोबत अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, बँकेचं स्टेटमेंट, राजीनाम्याची पोच आणि पाठवलेले मेल, ह्या सगळ्याच्या झेरॉक्स जोडा आणि ओरिजिनल कागद कुणालाही देऊ नका.